श्वासाच्या रकान्यातले अठरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

नमस्कार वगैरे मागाहून. आधी एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. तू आमच्या कॉलेजात फोन केलास का?

हो, कॉलेज. चार वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही, पण मामीच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तुला कळलंच असेल. मी औषधाच्या दुकानातला काउंटर सोडला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी इथल्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या कोर्सला बसले. दुसरं सत्र चालू आहे. वर्गात सगळे मला काकू म्हणतात. पहिल्या दिवशी शिपायाने मला कुणाची तरी आई समजून फी भरायच्या खिडकीकडे पिटाळलं होतं. हे म्हणाले, "आता डबा कोणी कोणाचा भरायचा ते एकदा ठरवून टाक." हसायचं असेल तर हस.

आता काय झालं ते सांगते. सोमवारी आणि गुरुवारी आम्हाला जवळच्या वृद्धनिवासात कामाला नेतात. दोघींची जोडी, जोडीला सहा माणसं. सकाळी दहाला ताप, नाडी, श्वास आणि बीपी घेऊन चार्टवर लिहायचं आणि खाली सही ठोकायची. दुपारी दोनला जोडीदारणीने तेच परत करायचं. माझी जोडीदारीण वीस वर्षांची आहे. एवढीशी, सतत टुणटुण उड्या मारत चालणारी, म्हणून मी तिला चिमणी म्हणते.

गेल्या गुरुवारी सहा नंबरच्या खाटेवर टेलरकाका होते. जन्मभर कोट शिवलेला माणूस. दहा वाजता मी त्यांचं सगळं घेतलं: अंगात थोडा ताप, नाडी एकशेचार, श्वास अठरा. दोन वाजता चिमणीने श्वास मोजले तर म्हणे तीस. तीन वाजता त्यांना न्युमोनिया म्हणून हॉस्पिटलात हलवलं.

काल लॅबच्या मॅडमनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. माझा चार्ट माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "अंगात ताप, नाडी एकशेचार, आणि श्वास अठराच?" मी म्हटलं, "मी मोजले. पूर्ण एक मिनिट." त्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात कोणी नर्स आहे का?"

आता सांग, हे त्यांना कुठून सुचलं? तू नर्स आहेस हे मी फॉर्मवर कुठे लिहिलेलं नाही. वर्गात कुणापाशी बोलले नाही. म्हटलं, हे ताईचंच काम. आईची वही तिच्याकडे आहे, आणि ही बाई नर्स व्हायच्या लायकीची नाही असं तिने कळवलंय.

वीस तारखेला तीन जणांच्या समितीपुढे मला उभं करणार आहेत. न मोजता आकडा लिहिला असं ठरलं, तर नाव काढून टाकतात. पहिल्याच दिवशी तशी सही करून घेतलेली आहे. मला हा कोर्स हवा आहे, ताई. इतकी कुठली गोष्ट मला आजवर हवीशी वाटली नव्हती.

फोन केला असशील तर तसं लिही. मला वाईट वाटेल, पण निदान कुठे बघायचं ते कळेल.

तुझी धाकटी


९ फेब्रुवारी, रविवार

ताई,

उत्तर नाही. बरं. तू गप्प बसलीस की मला पूर्वीपासून जास्तच ऐकू येतं.

पण या चार दिवसांत डोकं जरा थंड करून विचार केला, आणि आता वाटतंय की तू नसशील. तुझ्या हातून फोन झाला असता तर चार वर्षांपूर्वीच झाला असता. ही आगलावी वर्गातलीच आहे.

चिमणीच. दुसरं कोण? गुरुवारी वृद्धनिवासात ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. एरवी तिची टकळी बंद करायला हात जोडावे लागतात. मी चादर ओढायला गेले तर ही दुसरं टोक धरायच्या आधी मॅडमकडे बघते. चहाच्या सुट्टीत मी जिन्यावरून खाली येत होते, तर ही आणि मॅडम कपाटाआड उभ्या. मला बघून दोघी गप्प. मॅडमच्या हातात चार्टची जाड फाईल होती. माझी सही मला वीस पावलांवरून ओळखू येते, तिचं शेपूट फार लांब आहे. म्हणजे टेलरकाकांचाच नाही, सत्र सुरू झाल्यापासूनचा माझा प्रत्येक चार्ट काढलाय.

आणि मुळात दोनला तीस होते हे कशावरून? ही पोरगी नवखी. छाती वर गेली की एक आणि खाली आली की दोन, असं मोजलं असेल. ते पंधराच असतील! मी हे मॅडमना सांगितलं सुद्धा. त्या म्हणाल्या, "पंधरा श्वास घेणाऱ्या माणसाचे ओठ निळे पडत नाहीत."



काकांची तब्येत कशी आहे ते कुणी नीट सांगत नाही. निवासाच्या मुख्य सिस्टर म्हणतात, "ऑक्सिजनवर आहेत, बघू." तू तुझ्या वॉर्डात हे "बघू" कधी म्हणतेस ते मला चांगलं माहीत आहे.

हे म्हणतात, "तू मोजलेत ना? मग कशाला जीव टांगणीला लावतेस?" बिचारा सरळ माणूस. जन्मभर बस चालवली, त्या गिअरसारखंच त्यांचं मन, जिथे टाकलं तिथे राहतं. मी "हो, मोजले" म्हटलं आणि भाजी चिरायला बसले. बोट कापून घेतलं.

चिमणीजवळ एक छोटी लाल डायरी असते. वॉर्डात सारखं त्यात काहीतरी खरडते आणि मी जवळ गेले की मिटते. त्यात काय आहे ते मला बघायचंच आहे.

धाकटी


१५ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

बघितली डायरी. बघितली नसती तर बरं झालं असतं.

काल लॅबमध्ये रबराच्या हातावर सुया टोचायचा सराव होता. चिमणी हात धुवायला गेली. तिची पिशवी माझ्या स्टुलाला टेकलेली. मी इकडेतिकडे बघितलं आणि सरळ हात घातला. सतरा वर्षं दुकानात बसले, गिऱ्हाइकाची विसरलेली छत्रीसुद्धा कधी उघडून बघितली नाही, आणि या वयात एका पोरीची पिशवी उचकली. माझी मलाच लाज वाटली, पण हात काही थांबला नाही.

तीस तारखेचं पान काढलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: "टेलरकाका, दोन वाजता, श्वास तीस. परत मोजले, तीसच. सिस्टरना लगेच सांगितलं. काकूंनी सकाळी अठरा लिहिलेत. काकूंना आधी विचारू का? रागावतील. मला त्यांची भीती वाटते, पण चादर घालायला त्यांनीच शिकवलं."

मान वर केली तर ती समोर उभी. ओले हात तसेच पुढे धरलेले. म्हणाली, "काकू, मागितली असती तर दिली असती."

मी म्हटलं, "कपाटामागे काय बोलत होतीस मॅडमशी?"

"तुमच्यासाठीच बोलत होते. म्हटलं, काकूंना काढू नका. बाकी सगळ्या म्हाताऱ्यांना त्याच हव्या असतात."

ताई, मी तिला सॉरी म्हणायला हवं होतं ना? मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "पिशवी अशी कुठेही ठेवत जाऊ नकोस." आणि सुईचा ट्रे उचलून दुसऱ्या टेबलाशी गेले. तू मला लहानपणी खडूस म्हणायचीस ते काही उगीच नाही.

म्हणजे चिमणी नाही, आणि तूही नाहीस. मॅडमना माझ्याशी कसलं वैर नाही. मग आता संशय घ्यायला उरलंय कोण, सांग बघू. सगळी माणसं एकेक करून बाजूला झाली की तिथे एकटीच उभी राहते ती कोण?

आज एवढंच. पुढचं लिहायला हात धजत नाही.

धाकटी


१९ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

उद्या अकरा वाजता समिती आहे. त्याआधी हे तुला सांगायचं आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर उद्याचं होऊन गेलेलं असेल, आणि ते मी मुद्दामच तसं करते आहे.

मी श्वास मोजले नाहीत.

काका झोपले होते. तोंड उघडं होतं. मी मनगट धरलं, नाडी मोजली, घड्याळाकडे बघितलं, आणि माझ्या हाताने पुढच्या रकान्यात अठरा लिहून टाकलं. विचार केला नाही की खोटं लिहावं. आळससुद्धा नव्हता. झोपलेला माणूस दिसला की माझा हात अठरा लिहितो, ते माझ्या लक्षातही येत नाही. मॅडमना "मोजले" म्हणाले तेव्हा मला खरंच मोजल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन आठवायला लागले, की बाई, छाती वर-खाली होताना आपण बघितली कधी? तर काही आठवेना. नाडीचे ठोके आठवत होते, शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाचा काकांच्या बोटाला अंगठीसारखा पडलेला वळ आठवत होता. छाती आठवत नव्हती. पहिलं पत्र तुला लिहिलं तेव्हाही मला हे ठाऊक होतं.

आणि ही सवय मला कुठे लागली ते तुला ठाऊक आहे.

आई आजारी होती तेव्हा डॉक्टर एक दिवसाआड यायचे आणि वहीत दर चार तासांचे आकडे मागायचे. तुला रजा मिळत नव्हती. मी अर्धा दिवस दुकान आणि अर्धा दिवस आई करत होते. तुला फोन केला की ताई, बाकीचं जमतं, हे श्वास मोजायला बसले की मला डुलकी लागते, आकडा चुकतो. मागे तुझ्या वॉर्डात कुणीतरी हाका मारत होतं. तू घाईत म्हणालीस, "झोपली असेल तर अठरा लिही. डॉक्टर नुसती नजर टाकतात."

मी तीन दिवस अठरा लिहिले. सकाळी अठरा, दुपारी अठरा, संध्याकाळी अठरा. चौथ्या दिवशी तिला बोलता येईना. हॉस्पिटलात नेलं तर म्हणाले, दोन-तीन दिवस तरी श्वास चढलेला असणार, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? दुसऱ्या दिवशी ती गेली.

तू आलीस. खाटेच्या कडेला बसून वही चाळलीस, एकेक पान, बोट त्या रकान्यावरून खाली नेत. मग वही पर्समध्ये टाकलीस आणि माझ्याशी न बोलता गेलीस. चार वर्षं मी धरून चालले की तू ती माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून नेलीस. तू मला आईची मारेकरीण समजतेस. रात्रंदिवस मनातल्या मनात मी तुझ्याशी भांडत होते, "तूच सांगितलं होतंस!" आणि मोठ्याने मात्र कधी म्हटलं नाही, कारण तू मोठी, तू शिकलेली, तू म्हणालीस तर ते बरोबरच असणार.

आता मला वेगळाच संशय येतो. ती वही तू माझ्याविरुद्ध नेलीच नाहीस. ते अठरा तुझे होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून नेलीस. माझं चुकत असेल तर मला शिव्या घाल. काहीतरी घाल.

या कोर्सला मी का आले, हे सगळ्यांनी विचारलं. मी म्हणायचे, दुकानात कंटाळा आला. खरं म्हणजे मला ते मोजणं शिकायचं होतं. आणि ते शिकून, पहिलं सत्र पास होऊनही मी परत अठराच लिहिले.

उद्या विचारतील, हे कुणी शिकवलं. काय सांगू? "कुणी नाही" म्हटलं तर तू सुटतेस आणि मी जाते. तुझं नाव घेतलं तर कदाचित मी वाचेन. तुझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय हेही मामीने सांगितलंय.

धाकटी


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

तुझं नाव घेतलं.

खोली छोटीशी. प्राचार्य मध्ये, एका बाजूला लॅबच्या मॅडम, दुसऱ्या बाजूला निवासाच्या मुख्य सिस्टर. टेबलावर माझे सगळे चार्ट पसरलेले. मॅडमनी शेऱ्यात "जागे" लिहिलेले एका बाजूला लावले होते आणि "झोपलेले" दुसऱ्या बाजूला. जाग्यांचे सोळा, एकवीस, एकोणीस, जसे असतील तसे. झोपलेल्यांचे चौदा चार्ट, चौदाही अठरा.

त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "मोजले नाहीत."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "माझ्या मुली चुकवतात तेव्हा वीस लिहितात, पुस्तकात तो आकडा ठळक छापलाय म्हणून. अठरा हे पुस्तकातलं नाही, वॉर्डातलं आहे. झोपलेल्याला अठरा, हे एक नर्स दुसरीला सांगते. म्हणून मी घरात कोण नर्स आहे ते विचारलं. कोणी सांगितलं तुम्हाला?"

खिडकीतून सायकल-स्टँड दिसत होता, त्याकडे बघत बसले. मनात "कुणी नाही" तयार होतं, अगदी जिभेवर. आणि मग वाटलं, हाही अठराच की! न बघता लिहायचा सोयीचा आकडा.

मी म्हटलं, "माझ्या मोठ्या बहिणीने. पण तिने आईसाठी सांगितलं होतं, टेलरकाकांसाठी नाही. तिथून पुढे ते माझं." जबाब स्वतःच्या हाताने लिहून द्यायचा असतो. तुझं नाव, तुझा वॉर्ड, सगळं लिहिलं. आईचंही लिहिलं. सही केली.

मला वाचायचं होतं म्हणून केलं असं तुला वाटेल. थोडं तसंही असेल, नाही म्हणत नाही.

निकाल तासाभराने दिला. स्वतःहून खरं लिहून दिलं म्हणून नाव काढलं नाही. हे सत्र रद्द. जूनमध्ये वॉर्डचा पहिला दिवस पुन्हा पहिल्यापासून. आणि टेलरकाकांना मी स्वतः जाऊन सांगायचं.

काका वाचलेत, ताई. संध्याकाळी भेटायच्या वेळेत हॉस्पिटलात गेले. उशीला टेकून बसले होते, अर्धे झालेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि थांबत थांबत म्हणाले, "म्हणजे माप न घेताच कापलंस की गं. आमच्या गिऱ्हाइकाने कोट तोंडावर फेकला असता." मग तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता निघावं. तर तोंड न वळवताच मनगट माझ्याकडे केलं आणि म्हणाले, "घे आता माप." मी स्टूल ओढून बसले, मनगट धरलं आणि श्वास मोजले. बावीस होते. माझ्या मागोमाग आलेली चिमणी दारात उभी होती, तिने कधी आत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला ते कळलं नाही. तिला सॉरी म्हटलं मी, शेवटी एकदाचं. ती रडायला लागली, वेडी.

तुझ्याकडे कॉलेजातून काही पत्रबित्र येईल का, माहीत नाही. आलं तर माझ्यामुळे आलं, हे मी लपवत नाही.

धाकटी


१ मार्च, शनिवार

ताई,

काल दुपारी सव्वाचारला फोन वाजला. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. "हॅलो" म्हटलं तर पलीकडून काही नाही. परत म्हटलं, "कोण बोलतंय?" काही नाही. मागून ट्रॉलीचं चाक करकरत गेलं आणि कुणीतरी "सिस्टर, सात नंबर" असं ओरडलं, तेव्हा कळलं.

तू बोलली नाहीस. मी पण बोलले नाही. आधी रागच आला, की चार वर्षांनी फोन करतेस आणि गुळणी धरून बसतेस. ठेवूनच देणार होते. पण कानात तुझा श्वास ऐकू येत होता. समोर भिंतीवर घड्याळ आहे. काटा बारावर आला आणि मी मोजायला लागले. तुला सांगितलं नाही, सांगितलं की माणूस श्वास बदलतो, ते तुला मी काय शिकवायचं! अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं नाही. पुरं एक मिनिट. मध्ये एकदा तू श्वास धरून ठेवलास, तेव्हा मीही धरला.

अठ्ठावीस, ताई.

मग तू फोन ठेवलास. मी हातातल्या उशीच्या अभ्र्यावरच पेनने आकडा लिहिला, कागद शोधायला उठले नाही. हे ओरडले, "अगं, नवा अभ्रा!" ओरडू देत.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे अठ्ठावीस नसतात. एक तर तुला ताप आहे, नाही तर तू रडत होतीस. फोनवरून यातलं कुठलं ते ओळखायला मला अजून शिकवलेलं नाही.

म्हणून उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने येते आहे. हे पत्र पोस्टात टाकत नाही, हातात घेऊनच येते. तू दार उघडलं नाहीस तर फटीतून आत सरकवीन आणि पायरीवर बसून राहीन. मला घाई नाही. जूनपर्यंत कॉलेज नाही.

तुझी धाकटी